रानकॉफीचं एकुलतं फळ

१

झाडाला दिवस गेले होते आणि त्याचं वाढतं पोट सगळ्या बेटानं पाहिलं होतं. त्यामुळे ते फळ नाहीसं झालं त्या सकाळी ग्राँ मापूच्या उतारावर जमलेले लोक कुणाच्या घरी मयत झाल्यासारखे गप्प उभे होते.

सार्जंट ओनोरीन मिलाझार गुडघ्यांवर हात टेकत चढ चढून आली. रॉद्रिग्ज बेट लहान, पण चढ काही लहान नव्हेत आणि पन्नाशीनंतर तर ते दरवर्षी वाढतात असं तिचं मत होतं. वर आल्यावर तिनं आधी श्वास घेतला, मग झाडाकडे पाहिलं.

रानकॉफी. पुरुषभर उंचीचं, जाड हिरव्या पानांचं, वाकडं. जगात या जातीचं दुसरं झाड उरलं नव्हतं. शेळ्यांनी, कुऱ्हाडींनी आणि चुलींनी बाकीची केव्हाच संपवली होती. हे एक कसं कोण जाणे राहिलं, म्हणून वनखात्यानं त्याच्याभोवती एकात एक अशी तीन कुंपणं घातली. झाड दरवर्षी चांदण्यांसारखी पांढरी फुलं धरायचं आणि गाळून टाकायचं. फळ कधी नाही. मग मॉरिशसहून सूरेन जुगू नावाचा झाडांचा अभ्यासक आला, बारीक कुंचल्यानं या फुलाचे पराग त्या फुलाला लावत बसला, आणि लोक हसत असतानाच एका फांदीला खरंच फळ धरलं. त्या दिवसापासून राखणदार बाझील फेलिसितेला सगळे ‘आजोबा’ म्हणून चिडवायला लागले. "बाळंतपण कधी, आजोबा?" म्हणून बायका विचारायच्या. एरवी न हसणारा बाझील तेव्हा टोपी सरळ करायचा.

आता तो टोपी हातात धरून उभा होता.

"पहिल्यांदा कुणी पाहिलं, तोंतों?" ओनोरीननं विचारलं. बाझीलला सगळं गावच तोंतों, म्हणजे काका म्हणायचं.

"मीच. उजाडता उजाडता आलो. कुंपणं कापलेली. आत जाऊन बघतो तर पिशवी रिकामी."

तिन्ही कुंपणांना ओळीनं एकेक भोक पाडलं होतं, माणूस वाकून जाईल एवढं. फळ गळून पडू नये म्हणून सूरेननं त्याला पातळ कापडाची पिशवी बांधली होती. ती तशीच फांदीला लोंबत होती आणि तिची दोरी परत नीट बांधलेली होती. देठ धारदार पात्यानं कापला होता. कापल्या जागी काहीतरी पांढरं, चिकट फासलेलं ओनोरीनला दिसलं. झाडवाल्यांचं मलम असेल, असं म्हणून तिनं नखानं जरा खरवडून सोडून दिलं.

"शनिवारच्या विमानानं जाणार होतं ते," सूरेन म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता. "परदेशातल्या मोठ्या बागेत, काचघरात. सगळं ठरलं होतं, सार्जंट! आतलं बी फार टिकत नाही हो. पेरलं तर जगेल, कुणाच्या खिशात राहिलं तर वाळून जाईल. आणि या झाडाचं आता काही खरं नाही. बुंध्यात कीड आहे. पुन्हा फळ धरेल की नाही, देव जाणे."

एवढ्यात कुंपणाच्या बाहेरून शेळी ओरडली. सगळ्यांनी माना वळवल्या. टेओडोर पेरीनच्या शेळ्या नेहमीसारख्या कुंपणाला नाक घासत होत्या आणि त्यांच्या मागे टेओ काठीवर हनुवटी टेकून उभा होता. सगळ्यांच्या मनात एकच नाव आलं आणि ते टेओलाही कळलं.

२

"बोला सार्जंटबाई, कधी फासावर देताय?" टेओनं दारातच विचारलं.

त्याच्या अंगणात मांडवावर ऑक्टोपस वाळत घातले होते. ओनोरीन एका पिंपावर बसली. पिंप रिकामं वाजलं. त्या साली पावसानं पाठ फिरवली होती आणि पाण्याचा ट्रक येईल तेव्हा येईल अशी स्थिती होती.

"कुंपणापायी तुझी चराई गेली, टेओ. जत्रेत दोन घोट घेऊन तू सांगितलंस की ते झाड एक दिवस मुळासकट उपटीन. पन्नास माणसांनी ऐकलंय."

"शंभर माणसांनी ऐकलं असेल. मी मोठ्यानं बोलतो. आणि दर वर्षी बोलतो."

"तार कापायची पक्कड आहे तुझ्याकडे?"

"आहे की. माशांचे पिंजरे दातांनी विणू काय? गावात पक्कड नसलेलं एक घर दाखवा. तुमच्या आईकडेसुद्धा होती, देव तिला शांती देवो."

ओनोरीनला हसू आलं, पण तिनं ते दाबलं.

टेओनं काठी बाजूला ठेवली. चेष्टा संपली की त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसायचा. "एक सांगतो. पटलं तर घ्या. माझ्या शेळ्या मी उजाडायच्या आधीच सोडतो. उन्हं चढली की चरत नाहीत त्या. त्या सकाळीही सोडल्या. मी मागाहून वर गेलो, पण त्या सोडल्या की थेट कुंपणालाच जाऊन लागतात. तुमचं ते भोक तिथं असतं, तर झाडाचं एक पान तरी शिल्लक राहिलं असतं? मी चोर असेन हो, पण शेळ्या काय संन्यासी झाल्या?"

"तुझ्याच शेळ्यांची साक्ष तूच काढणार?"

"मग कुणी काढायची? त्यांना बोलता येत नाही, आणि मी बोललो की तुम्ही ऐकत नाही."

ओनोरीन उठली. टेओची जीभ गावात प्रसिद्ध होती. तो बोलायला लागला की खरं कुठं संपलं आणि गंमत कुठं सुरू झाली ते कळायचं नाही. तिनंही ते गमतीतच काढलं. पुढं कितीतरी दिवस या गोष्टीवरून तिला स्वतःचा राग येत राहिला.

अंगणाबाहेर पडताना तिला पलीकडच्या वाटेनं बाझील जाताना दिसला. हातात पाण्याचा डबा, झाकण घट्ट लावलेला. झाडाची वाट वर डोंगराकडे जात होती. बाझील खाली, समुद्राकडे चालला होता.

३

मातांत क्लेमांस, म्हणजे सगळ्या गावाची मावशी, झाडपाल्याची औषधं करायची. तिच्या माजघरात शिरलं की आधी शिंक यायची आणि मग डोळे अंधाराला सरावायचे.

"आलीस? मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "चोरी झाली की आधी म्हातारीच्या घरात डोकवायचं. बैस. मक्याच्या कण्या आणि राजमा आहे, खाणार?"

"खाणार नाही. फळ कुठंय, मातांत?"

"फळाचं मी काय करू? लोणचं घालू?" क्लेमांसनं ओठ वाकडे केले. "लोक पानं मागतात. साल मागतात. रात्रभर ढोसून सकाळी डोकं धरून बसणाऱ्यांना त्या पानांचा काढा. आणखी एका दुखण्याला, ज्याचं नाव पुरुष दार लावून सांगतात. माझ्या आईनं दिला, तिच्या आईनं दिला. फळ कुणी पाहिलं होतं? मला सांग, पानं गेली का?"

"नाही. एकही नाही."

"मग माझ्या गिऱ्हाइकाचं काम नाही ते. आणि त्या तोंतोंच्या हातून पान सुटतंय होय? कुंपण झालं त्या दिवसापासून एक पान म्हणशील तर नाही. गावाला नाही, मला नाही..." ती थांबली आणि चुलीतलं लाकूड उगीच पुढं सारलं. "पोटच्या पोरीलाही नाही."

"लिझियानला?"

"ताप उतरत नव्हता. डोळे पिवळे झालेले. मी स्वतः गेले त्याच्याकडे. म्हटलं, बाबा, मूठभर पानं दे, काढा करते. तो कुंपणाच्या आत उभा, मी बाहेर. म्हणाला, एक पान दिलं तर उद्या शंभर हात येतील, मातांत. मी शब्द दिलाय. आणि कुलूप लावलं. नंतर इस्पितळात नेली तिला, पण तोवर फार उशीर झाला होता." क्लेमांसनं डोक्याच्या रुमालाच्या टोकानं डोळे पुसले आणि लगेच चिडली. "धूर फार होतो या चुलीचा."

"काढ्यानं ती वाचली असती?"

म्हातारीनं चुलीवरचं भांडं उतरवून खाली ठेवलं.

"नसती," ती म्हणाली. "पिवळ्या डोळ्यांवर तो काढा चालत नाही. मला तेव्हाही माहीत होतं. पण मरणाऱ्या पोरीच्या उशाशी रिकाम्या हातानं कसं बसायचं? म्हणून मागितली. त्याला मात्र मी हे कधी सांगितलं नाही. आधी रागानं सांगितलं नाही, आणि मग सांगायचं तोंड राहिलं नाही."

ओनोरीन उठली. ती निघाली तेव्हा क्लेमांस दारापर्यंत आली. "त्या दिवसापासून तो माझ्या दारावरून जात नाही. लांबून जातो, समुद्राच्या वाटेनं. आणि मी त्याला दोष देत नाही."

४

शनिवारचं विमान आलं. सूरेन जुगू रिकामी पेटी मांडीवर घेऊन विमानतळाच्या बाकावर बसला होता. आत कापूस घालून ठेवलेली पेटी, एका फळासाठी बनवलेली. ओनोरीन त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"कुंपणांच्या दारांच्या किल्ल्या कुणाकुणाकडे?"

"माझ्याकडे आणि बाझीलकडे. माझ्यावर संशय आहे का तुमचा?"

"सगळ्यांवर असतो. पगारच त्याचा मिळतो."

तो हसला नाही. त्याच्या बोटांवर काळे डाग होते आणि तो ते एकसारखे चोळत होता. "निघत नाहीत. झाडाची जखम बुजवायचं मलम. डांबरासारखं असतं. डबा माझ्या बॅगेतच असतो, दुसऱ्याच्या हाती देत नाही. बाझीलला फार वर्षांपूर्वी एवढंच शिकवलं होतं, की कापलेली जागा उघडी ठेवायची नाही, कीड शिरते."

ओनोरीननं काळे डाग पाहिले. मनात काहीतरी टोचलं, पण विमानाचा आवाज झाला आणि ते निसटलं.

"समजा," ती म्हणाली, "चोरानं ते बी पेरलं. तर उगवल्यावर ओळखता येईल? अशीच जाड हिरवी पानं?"

"मुळीच नाही." सूरेनच्या डोळ्यांत पहिल्यांदाच जीव आला. "या बेटावरची कितीतरी झाडं लहानपणी वेगळंच सोंग घेतात. पूर्वी इथं कासवं होती ना, हजारोंनी. कोवळं दिसलं की खायची. म्हणून रोपाची पानं लांब, अरुंद, तपकिरी, मधून एक गुलाबी रेघ. बघणाऱ्याला वाटावं, मेलेलं आहे. कासवाच्या मानेपेक्षा उंच झालं की मग खरी हिरवी पानं येतात. कासवं गेली, सोंग राहिलं. रानकॉफीचं रोप पाहिलेला माणूस आज जिवंत नाही, पण तेही असंच असणार."

"बाझीलला ठाऊक आहे हे?"

"त्याला कशाला? त्याचं काम कुंपण राखायचं."

विमान गेलं. तपासही त्याच्याबरोबर गेल्यासारखा झाला. टेओविरुद्ध पुरावा नव्हता, पण गावाला पुरावा लागत नाही. वरून हुकूम आला आणि त्याच्या शेळ्या डोंगरावर सोडायला बंदी झाली. त्या दावणीला बांधल्या बांधल्या वाळायला लागल्या. कोरडा उन्हाळा चढत गेला, पिंपं रिकामी होत गेली, आणि चौकात भेटला की टेओ आता काही चेष्टा न करता टोपी काढून नमस्कार करायचा. ओनोरीनला ते शिवीपेक्षा झोंबायचं.

५

मेलेल्यांच्या दिवशी रॉद्रिग्जवर कुणी घरी नसतं. सगळी माणसं समुद्राकाठच्या स्मशानात असतात, कारण आपल्या माणसाच्या थडग्यावर त्या दिवशी गवताची एक काडी दिसली तरी वर्षभर बोलणी खावी लागतात. आदल्या दिवसापासूनच खुरपणी सुरू होते. तण उपटून भिंतीशी ढीग लावायचा, तो पेटवून द्यायचा, थडग्यावर पोवळ्याची पांढरी वाळू पसरायची, मग फुलं, मग मेणबत्त्या.

ओनोरीननं आईच्या थडग्यावर वाळू पसरली. आई भाला घेऊन कमरभर पाण्यात ऑक्टोपस मारायला जायची, म्हणून ओनोरीन दर वर्षी वाळूत एक शिंपला खोचायची. तिनं मेणबत्ती पेटवली. वाऱ्यानं ज्योत कलली आणि गरम मेण तिच्या बोटावर ओघळलं. तिनं हात झटकला. मेण नखाखाली गोठलं, पांढरं आणि चिकट.

तिनं ते खरवडलं. आणि खरवडता खरवडता थांबली.

हेच पांढरं तिनं याच नखानं रानकॉफीच्या देठावर खरवडलं होतं.

सूरेनचं मलम तर काळं होतं!

ती थडग्याच्या काठावर बसली. एकदा पहिला टाका सुटला की बाकीचे सुटायला वेळ लागत नाही. ज्यानं फळ कापलं त्यानं जखम बुजवली. म्हणजे जखम उघडी ठेवायची नाही हे त्याला शिकवलेलं होतं, पण मलमाचा डबा त्याच्याकडे नव्हता. खिशात होती ती अंधारात उजेडासाठी आणलेली मेणबत्ती. पिशवीची दोरी त्यानं परत बांधली, चोराला कशाला हवी असली टापटीप? आणि शेळ्या. टेओ खरं तेच बोलला होता. उजाडायच्या आधीपासून शेळ्या कुंपणाला लागून होत्या आणि पानाला तोंड लागलं नव्हतं. म्हणजे त्या आल्या तेव्हा भोक नव्हतंच. ते नंतर पडलं, बाझील तिथं हजर असताना. किल्ली असलेल्या माणसाला भोक कशाला लागतं? दुसऱ्या कुणाचं नाव व्हावं म्हणून. आणि भोक पाडल्यावरही तो तिथंच उभा राहिला, शेळ्या आत शिरू नयेत म्हणून.

मग फळ कुठं गेलं?

तिनं मान वर केली. स्मशानभर पांढरी वाळू उन्हात डोळे दिपवत होती. गावात प्यायला पाणी नव्हतं, माणसं तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकत होती. आणि पलीकडच्या कोपऱ्यात एका थडग्यावरची वाळू ओली होती. काळसर, चिंब ओली.

मेलेल्या माणसाला पाणी कोण घालतं?

६

बाझील लेकीच्या थडग्याशी उकिडवा बसला होता. शेजारी पाण्याचा डबा होता. ओनोरीन जवळ गेली तरी त्यानं वर पाहिलं नाही.

"बसा, सार्जंटबाई," तो म्हणाला. "तुम्हीच याल असं वाटत होतं. दुसऱ्या कुणाला एवढा वेळ लागला नसता."

तेवढ्यातही तिला हसू आलं. ती दुखरे गुडघे वाकवून वाळूत बसली.

"का केलंत, तोंतों?"

"ते विमानानं नेणार होते." बाझील वाळूवरून हात फिरवत बोलत होता. "इथं जे काही म्हणून चांगलं होतं ते विमानात बसतं. पोरं जातात, परत येत नाहीत. आता हेही जाणार होतं, काचेच्या घरात. मी इतकी वर्षं राखलं ते कुणासाठी? तुम्हाला माहीत आहे ना, मी लिझियानला पान दिलं नाही?"

"माहीत आहे."

"शब्द दिला होता. मला वाटायचं, शब्द मोडला तर झाड मरेल. झाड जगलं, ती गेली. मी त्या झाडाला माझी पोर दिली, सार्जंटबाई. मग वाटलं, त्यानं मला एक पोर द्यावी. एवढंच. जास्त काही मागितलं नाही. फळ उकललं, बी इथं पेरलं. सावली झाली असती तिच्यावर."

"आणि टेओ?"

त्याची मान खाली गेली. "त्याचं नाव मी घेतलं नाही. पण गावानं घेतलं तेव्हा गप्प बसलो. उद्या चौकीवर येतो, सगळं लिहून घ्या. शेळ्या सोडायला सांगा त्याच्या."

दूर कुणीतरी प्रार्थना म्हणायला लागलं. ओनोरीननं थडग्याकडे नीट पाहिलं. वाळू सपाट होती, स्वच्छ, एक काडी नाही.

"उगवलं नाही?" तिनं विचारलं. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

"कुठलं उगवतंय! माझ्या वाट्याचं पाणी रोज घातलं. रोज बघत होतो, कुठं हिरवा कोंब दिसतोय का. नुसतं तण आलं. काल म्हटलं, उद्या तिचा दिवस, ही घाण कशाला? सगळं मुळापासून उपटून काढलं. जागा मोकळी झाली, आता तरी वर येईल."

"कसलं तण?"

"काय की. कधी पाहिलं नव्हतं. लांबट, तपकिरी पानं. उगवतानाच मेल्यासारखं दिसणारं."

ओनोरीन उठली. गुडघे दुखतात हे ती विसरली. स्मशानाच्या भिंतीशी तणाचा ढीग कालपासून धुमसत होता. ती त्यात दोन्ही हात घालून उकरायला लागली. गवत, वाळकी फुलं, राख. लोक बघायला लागले. तिचे हात भाजत होते. शेवटी ढिगाच्या कडेला, जिथं आग पोचली नव्हती तिथं, तिला एक रोप सापडलं. वीतभर, सुकून गेलेलं. पानं लांब, अरुंद, तपकिरी. आणि प्रत्येक पानाच्या मधोमध एक फिकट गुलाबी रेघ.

तिनं मूठ मिटली. मागं वळली तर बाझील उभा होता.

"काय शोधताय?"

"काही नाही. आईचा शिंपला पडला असं वाटलं."

जन्मभर खोटं पकडणाऱ्या बाईला खोटं बोलता आलं नाही. बाझीलनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग काळ्या झालेल्या मुठीकडे.

"मूठ उघडा, सार्जंटबाई."

"तोंतों, जाऊ दे."

"उघडा."

तिनं उघडली. त्यानं एका बोटानं ती गुलाबी रेघ चाचपली. ते काय आहे हे तिनं सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याला पुरे होतं.

"हे असं असतं होय," तो म्हणाला. "मला कुणी सांगितलं नाही." मग त्यानं स्वतःचे दोन्ही हात समोर धरून पाहिले. "दोन्ही वेळा हेच हात."

मागं क्लेमांस येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं की नाही कोण जाणे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याजवळ गेली आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातात धरले.

"पानांनी ती वाचली नसती, बाझील," ती म्हणाली. "मला माहीत होतं. ऐकतोस ना? वाचली नसती."

बाझील तिथंच जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. डब्यात तळाशी थोडं पाणी उरलं होतं. ओनोरीननं ते नेऊन लिझियानच्या थडग्यावर ओतलं. सगळं बी एकाच वेळी उगवत नाही, असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. खरं की खोटं ते तिला ठाऊक नव्हतं.

टेओच्या शेळ्या सुटल्या. बाझीलची नोकरी गेली, आणि खटला उभा राहायच्या आतच त्यानं अंथरूण धरलं. तो गेल्यावर त्याला लेकीच्या शेजारी ठेवलं. रानकॉफीनं त्या वर्षीही फुलं धरली आणि गाळली. सूरेन पुन्हा कुंचला घेऊन आला, आणि या वेळी रोप कसं दिसतं हे दारोदार जाऊन सांगत फिरला. लोकांनी ऐकून घेतलं.

एका सकाळी टेओ स्मशानात खुंट ठोकताना दिसला. लिझियानच्या थडग्याभोवती त्यानं आपल्याच पिंजऱ्यांच्या तारेचं कुंपण घातलं, स्वतःच्याच शेळ्या येऊ नयेत म्हणून. कुणी चिडवलं नाही.

पुढच्या मेलेल्यांच्या दिवशी सगळं स्मशान पांढरंशुभ्र झालं. त्या एका कुंपणात मात्र गवत गुडघाभर माजलं होतं, काटेरी, पिवळं, तपकिरी, कसलंही. येणाऱ्या-जाणाऱ्यानं तिथं मेणबत्ती लावली, पाण्याचा तांब्या ओतला. त्यातली एक काडी उपटायची कुणाची छाती झाली नाही.